माळ्यावरचं इंजिन: आधी मोजा, मग उघडा

खेळण्यातलं जुनं रेल्वे इंजिन कायमचं बिघडतं ते बहुतेक वेळा दुरुस्त करणाऱ्याच्या हातून. पन्नास वर्षं ट्रंकेत पडून राहिलेलं इंजिन निव्वळ सुकलेलं असतं. तेलाचा गोंद झालेला असतो, मोटारीला वीज पोचवणाऱ्या कार्बनवर काजळी धरलेली असते, चाकांवर काळा थर बसलेला असतो. एवढंच असेल तर संध्याकाळभराच्या साफसफाईत ते पुन्हा चालतं. पण उत्साहाच्या भरात कुणी त्याला सरळ मोटारसायकलची बॅटरी लावतो, कुणी चाकं जोरानं ढकलून ‘मोकळी’ करायला जातो, कुणी कम्युटेटरवर, म्हणजे कार्बन जिथे घासतात त्या तांब्याच्या फिरत्या भागावर, घासकागद फिरवतो. त्यातून जे बिघडतं, त्याचा सुटा भाग सातारा-सांगलीत सोडा, मुंबईतही मिळत नाही. म्हणून या लेखात स्क्रू ड्रायव्हर बराच उशिरा हातात घ्यायचा आहे. त्याआधी बघायचं, मोजायचं आणि वहीत लिहायचं.

आपल्याकडे ही इंजिनं येतात कुठून? कुणाचे आजोबा बोटीवर होते, कुणाचे काका लंडनला शिकायला गेले होते, कुणाच्या घरी संस्थानी काळातला खेळण्यांचा पेटारा आहे. काही जण पुण्याच्या जुन्या बाजारातून बुधवारी-रविवारी उचलून आणतात, काही मुंबईच्या चोरबाजारातून. मराठी माणसाच्या घरातली सर्वांत प्रसिद्ध छोटी रेल्वे मात्र ग्वाल्हेरला आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे शिंदे. त्यांच्या जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर चांदीची विजेवर चालणारी गाडी पाहुण्यांसमोर मद्य आणि सिगार फिरवायची. डब्यावरची सुरई उचलली की गाडी थांबायची आणि परत ठेवली की चालू लागायची. थोडक्यात, वजनावर चालणारा एक स्विच. जवळ बघायचं असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं आणि १९९८ पासून लोकांसाठी खुलं असलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. नीट राखलेली यंत्रणा किती शांत आणि किती सावकाश चालू शकते हे तिथे एकदा कानांनी ऐकून या. पुढे आपलं इंजिन तपासताना तो आवाज उपयोगी पडेल.

आधी हे ओळखायचं की इंजिन चालतं कशावर. बाजूला चावीचं चौकोनी भोक असेल तर ते स्प्रिंगचं. रुळाला मधली तिसरी पट्टी असेल आणि इंजिनाच्या पोटाखाली ती चाटणारा बूट किंवा गोळा असेल, तर ते तीन रुळांचं. दोनच रूळ आणि एका बाजूची चाकं दुसरीपासून वेगळी, म्हणजे विजेच्या दृष्टीनं तुटक असतील, तर ते दोन रुळांचं, बहुधा बारा व्होल्ट डीसीवर चालणारं. आपल्याकडे जास्त दिसतात ती ब्रिटिश: हॉर्नबीची मोठी पत्र्याची ओ गेज इंजिनं, १९३८ साली आलेलं हॉर्नबी डब्लो, १९५० नंतरचं ट्राय-अँग आणि १९६५ पासूनचं ट्राय-अँग हॉर्नबी. जर्मनीला नोकरीला गेलेल्यांकडे मेर्कलिन निघतं, अमेरिकेतून आलेल्यांकडे लायोनेल, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकातलं इटालियन लिमा.

ही ओळख विजेसाठी हवी. सगळ्यात मोठा धोका लायोनेलच्या ट्रान्सफॉर्मरचा आहे. तो अमेरिकेतल्या ११० ते १२० व्होल्टसाठी केलेला आहे. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातला की तो जळतो, आणि जळण्याआधी रुळांवर दुप्पट दाब सोडून इंजिनही खराब करतो. हॉर्नबीनं १९२५ मध्ये काढलेल्या पहिल्या विजेच्या गाडीत तर घरातलीच वीज मधे एक दिवा जोडून रुळापर्यंत आणलेली होती. असा संच हाती आलाच तर तो काचेच्या कपाटात ठेवा, चालवू नका. जुन्या ब्रिटिश ट्रान्सफॉर्मरचा व्होल्टेज जुळतो, पण त्यांची कापडी-रबरी वायर बोटानं वाकवली तरी भुगा होऊन गळते. माझा सल्ला सरसकट एकच आहे: मूळ ट्रान्सफॉर्मर खोक्यात जपून ठेवा आणि तपासणीसाठी करंट मर्यादित करता येणारा, व्होल्टेज आणि अँपिअर दाखवणारा नवा डीसी पॉवर सप्लाय घ्या. मोबाईल दुरुस्तीवाले जो टेबलावर ठेवतात तोच. यात चुकून शॉर्ट झालं तरी काही जळत नाही, आकडा वर चढतो आणि थांबतो.

आता इंजिन हातात घ्या, भिंगातून बघा. प्रथम ओतीव भाग: चाकं, सांगाडा, मोटारीची चौकट. जस्ताच्या मिश्रधातूच्या जुन्या ओतकामात शिसं किंवा तत्सम अशुद्धी राहिली असेल तर धातू आतून कणाकणानं तुटत जातो. पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसतात, सांगाडा केळीसारखा वाकतो, चाक फुगून रुळात अडकतं. दमट हवेत हे लवकर होतं, आणि यावर इलाज नाही. चिकटवून, तेल लावून, रंग देऊन काही होत नाही. युद्धापूर्वीच्या हॉर्नबी इंजिनांची चाकं या रोगानं बरीच गेलेली असतात. ती बदलून मिळतात, परदेशात नव्यानं ओतलेली विकली जातात. पण सांगाडाच गेला असेल तर त्या इंजिनाकडे सुट्या भागांची पेटी म्हणून बघायला शिका. विकत घेताना तर ही पहिली तपासणी, आणि इथे चीर दिसली की भाव कितीही कमी असो, मी तरी खाली ठेवतो.

पुढची पायरी चाक फिरवून बघण्याची, आणि इथेच सर्वांत जास्त इंजिनं बळी पडतात. ट्राय-अँग, डब्लो आणि त्या काळची बहुतेक ब्रिटिश छोटी इंजिनं वर्म गिअरवर चालतात: मोटारीच्या दांड्यावर स्क्रूसारखा वर्म, त्याखाली धुऱ्यावर दातेरी चाक. वर्म चाकाला फिरवतो, चाक वर्मला फिरवू शकत नाही. त्यामुळे असं इंजिन टेबलावर ढकललं तर चाकं फिरणारच नाहीत, ती फरफटतील. हा बिघाड नव्हे. जोर लावलात तर पितळी किंवा नायलॉनच्या दात्यांचा चुरा होईल. अशा इंजिनात फिरवायचं ते आर्मेचर, म्हणजे मोटारीचा तार गुंडाळलेला फिरता भाग, तेही बोटाच्या टोकानं, वरून. लिमा आणि रिंगफील्ड प्रकारच्या चपट्या मोटारींत साधे गिअर असतात, ती चाकं मात्र हातानं फिरतात आणि मोटार आत फिरताना जाणवते. आपल्या इंजिनात काय आहे हे कळल्याशिवाय चाकाला हात लावू नये.

मल्टीमीटर अगदी साधा चालेल. तीन खणांच्या कम्युटेटरवर तीन जोड्या होतात. कार्बन बाजूला करून प्रत्येक जोडीचा रेझिस्टन्स मोजा. तिन्ही वाचनं जवळपास सारखी यायला हवीत. किती ओहम यापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा. समजा तिन्ही ठिकाणी ८ ओहम यायला हवेत. त्याऐवजी १२, १२ आणि २४ आले, तर ज्या जोडीत २४ आले तिथली कॉइल तुटलेली आहे. कारण तिन्ही कॉइल त्रिकोणात जोडलेल्या असतात; एक तुटली की तिच्या दोन टोकांमधली वीज उरलेल्या दोन कॉइलमधून लांबच्या वाटेनं जाते. एखादं वाचन बाकीच्यांपेक्षा बरंच कमी आलं तर त्या कॉइलमध्ये तारांचे वेढे आपसांत शॉर्ट झालेत. आणि कम्युटेटरचा कोणताही खण आणि आर्मेचरचा दांडा यांच्यात मीटरनं काहीही दाखवायला नको. तिथे आकडा दिसला तर वार्निश गेलेलं आहे. सुटलेली तार बहुतेक वेळा आत तुटलेली नसते, कम्युटेटरच्या कानाजवळचा डाग सुटलेला असतो. बारीक टोकाच्या सोल्डरनं तो पुन्हा देता येतो. भिंग लावून तिथे बघितल्याशिवाय आर्मेचर कुणाच्या हवाली करू नका.

ब्रिटिश इंजिनांत आणखी एक फसवणूक असते. टीव्हीवर खरखर येऊ नये म्हणून मोटारीजवळ एक छोटा कपॅसिटर लावलेला असे. तो जुना होऊन आतून शॉर्ट झाला की सगळी मोटारच जळाल्यासारखी वाटते. त्याचं एक टोक सोडवून पुन्हा मोजा. मेर्कलिन आणि लायोनेलमध्ये फसवणूक वेगळी. तिथे इंजिनात दिशा बदलणारा रिले असतो. लायोनेलचा रिले पुढे, बंद, मागे, बंद अशा पायऱ्यांनी चालतो. तो ‘बंद’ पायरीवर अडकलेला असेल तर दिवे लागतील पण इंजिन हलणार नाही. मालक म्हणतो मोटार गेली. मेर्कलिन साधारण १६ व्होल्ट एसीवर चालतं आणि २४ व्होल्टच्या झटक्यानं दिशा बदलतं. त्याची मोटार डीसीवरही फिरते, पण प्लस-मायनस उलटे केले तरी दिशा बदलत नाही.

एवढं ठीक असेल तरच वीज द्या. इंजिन उलटं करून मऊ कापडात धरा, चाकं वर. करंटची मर्यादा अर्ध्या अँपिअरवर ठेवा आणि दोन-तीन व्होल्टपासून हळूहळू वर जा. वहीत तीन गोष्टी लिहा: कितव्या व्होल्टला ते हललं, बारा व्होल्टला रिकामं फिरताना किती करंट घेतलं, आणि पाच मिनिटांनी मोटार किती तापली. ट्राय-अँगच्या प्रसिद्ध एक्स०४ मोटारीनं रिकामं फिरताना पाव ते फार तर एक तृतीयांश अँपिअर घ्यावा. दोन्ही दिशांनी बघा. एकीकडे नीट आणि दुसरीकडे ओढत असेल तर दोष बहुधा विजेचा नसतो. दांडा पुढे-मागे सरकून वर्म कुठेतरी घासत असतो.

या आकड्यांचा अर्थ लावण्यात खरी मजा आहे, आणि इथेच जुन्या इंजिनाचं मूल्यमापन होतं. जास्त करंट आणि कमी वेग म्हणजे कुठेतरी घर्षण: सुकलेलं ग्रीस, वाकलेला दांडा, घट्ट बसलेली बेअरिंग. कमी करंट आणि कमी, उड्या मारणारा वेग म्हणजे संपर्क खराब: कार्बन, कम्युटेटर किंवा चाकांवरचा मळ. पण तिसरा प्रकार नवख्याला गोंधळात टाकतो: करंट जास्त, वेगही जास्त, आणि दोन डबे जोडले की दम तुटतो. मोटार हाताला चटका बसेल इतकी तापते. हा अशक्त मॅग्नेट. मोटार फिरताना स्वतःही थोडी वीज उलट दिशेनं तयार करते आणि तीच तिच्या करंटला आवर घालते. मॅग्नेट कमजोर झाला की ती उलटी वीज कमी पडते, म्हणून मोटार भरमसाट पळते, भरमसाट करंट खाते, पण ताकद नसते. ‘काय जोरात पळतंय बघा’ म्हणून विकायला आणलेलं इंजिन पाहिलं की मी आधी त्याला बोटाचा ब्रेक लावून बघतो.

आता उघडा. टेबलावर पांढरा टॉवेल पसरा, म्हणजे उडालेली स्प्रिंग सापडते. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा. एक्स०४ मध्ये दोन कार्बन दाबून धरणारी एकच तारेची स्प्रिंग असते, आणि तिच्या एका पायावर इन्सुलेशनची चिमुकली नळी असते. ही नळी हरवली की दोन्ही कार्बन स्प्रिंगमधूनच जोडले जातात आणि पूर्ण शॉर्ट होतो. जुन्या बाजारातल्या ‘जळलेल्या’ ट्राय-अँगपैकी काहींना एवढंच झालेलं असतं. वायरचं वरचं आवरण कापून नवी नळी घालता येते.

कम्युटेटर स्वच्छ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती चिंधी. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ते मिळतं. थिनर आणि पेट्रोल घरातून बाहेर ठेवा. ट्राय-अँगचं प्लास्टिकचं शरीर त्यानं विरघळतं. तीन खणांमधल्या फटीत कार्बनची पूड दाबून बसलेली असते, ती टूथपिकनं काढा, सुईनं नको. घासकागद वापरायचाच नाही, कारण त्याचे कण तांब्यात रुतून बसतात आणि पुढे कार्बन खात राहतात. खोल खाच पडली असेल तर आर्मेचर लेथवर एक हलका हात मारून घेण्याजोगं आहे. त्यासाठी टर्नरला आधीच सांगा की तांबं कागदाएवढंच काढायचं आहे.

मॅग्नेटबद्दल एक नियम काटेकोर पाळा. जुन्या प्रकारच्या मोटारींतून आर्मेचर बाहेर काढलं की मॅग्नेटच्या दोन टोकांमधली लोखंडी वाट तुटते आणि त्याची ताकद तिथल्या तिथे थोडी उतरते. म्हणून आर्मेचर काढायची वेळ आलीच तर लगेच त्या जागी लोखंडाचा तुकडा बसवा. त्याहून बरं, ते काढूच नका. साफसफाई आणि तेल त्याशिवायही होतं. उतरलेला मॅग्नेट पुन्हा चार्ज करता येतो. एके काळी स्कूटरच्या मॅग्नेटोचं आणि लाउडस्पीकरचं काम करणाऱ्यांकडे मॅग्नेट चार्ज करायचं यंत्र असायचं. तालुक्याच्या गावी एखादा जुना कारागीर अजून असेल तर विचारून बघण्यासारखं आहे. दुसरा मार्ग निओडिमियमच्या छोट्या मॅग्नेटचा. तो स्वस्त आहे आणि ताकदवान आहे, पण मूळ मॅग्नेट टाकून देऊ नका. पुढच्या मालकाला तो परत बसवता आला पाहिजे.

तेल म्हणजे शिवणयंत्राचं, तेही टाचणीच्या टोकावर येईल एवढं. प्रत्येक बेअरिंगला एक थेंब आणि लगेच पुसून घ्यायचं. खोबरेल तेलानं घरोघरी जी हानी केली आहे ती बघून वाईट वाटतं. ते थंडीत गोठतं आणि वर्षांनी वार्निशसारखं घट्ट होतं. गंज सुटायचे स्प्रे म्हणजे तेल नव्हे. गिअरवर जुनं ग्रीस मेणासारखं कडक झालं असेल तर ते आधी लाकडी काडीनं खरवडून काढा, मग प्लास्टिकला न खाणारं पांढरं ग्रीस अगदी थोडं लावा. कम्युटेटरवर तेल जाता कामा नये. गेलं तर कार्बनची पूड त्यात कालवून फटीत शॉर्ट करते.

मोटार नीट झाली आणि तरी इंजिन प्रत्येक फेऱ्यात एकदा अडखळत असेल, तर दोष चाकांच्या कोनाचा आहे. खऱ्या वाफेच्या इंजिनात डाव्या आणि उजव्या बाजूचे क्रँक एकमेकांशी ९० अंशांत असतात, म्हणजे एक बाजू मृतबिंदूवर असली तरी दुसरी ढकलू शकते. या छोट्या इंजिनांतही तोच कोन ठेवलेला असतो. फरक एवढाच की इथे मोटार एकच धुरा फिरवते आणि बाकीची चाकं जोडदांड्यांनी ओढली जातात. एखादं चाक धुऱ्यावर थोडं सरकलं की दांडे आवळतात. खात्री करायची असेल तर जोडदांडे काढून इंजिन चालवा. अडखळणं थांबलं तर कोन बिघडलाय. जुन्या ट्राय-अँगची चाकं धुऱ्याच्या खाचांवर दाबून बसवलेली असतात. ओढून काढलीत तर परत तितकी घट्ट बसत नाहीत. त्यामुळे चाक काढण्याऐवजी जागच्या जागी, एकेक अंशानं फिरवा. पिस्टनकडचे बाकीचे दांडे निव्वळ दिखाऊ असतात, त्यांनी घर्षण वाढवू नये एवढंच बघा.

लिमासारख्या पुढच्या काळच्या इंजिनांत वेगळा रोग आढळतो. नायलॉनचा गिअर धुऱ्यावर आवळून चिरतो आणि प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज येतो. चिरलेला गिअर चिकटवणं वाया जातं, नवाच लागतो. कर्षणासाठी चाकावर घातलेला रबरी टायर कडक झालेला असेल तर तोही बदलायचा.

चावीच्या इंजिनाचं तंत्र वेगळं, आणि माझ्या मते घरी सर्वांत कमी हात लावावा असं. ‘चावी जास्त भरली म्हणून अडकलं’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. चावी पूर्ण भरली म्हणून स्प्रिंग बिघडत नाही. तिचे वेढे सुकलेल्या ग्रीसनं एकमेकांना चिकटतात, म्हणून ती सुटत नाही. भरलेल्या स्प्रिंगच्या चौकटीचे स्क्रू कधीही काढू नका, बोटं कापली जातील. आधी चाकं मोकळी सोडून ती पूर्ण उतरवा. अडकलेलीच असेल तर गावातल्या भिंतीवरची जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. त्याच्याकडे स्प्रिंग आवळून ठेवायचं साधन असतं आणि त्याला तिची भीती माहीत असते. ग्राफाइटचं ग्रीस लावून दिलंत तर असं इंजिन पुढची अनेक वर्षं चालेल. तपासायचं असेल तर पूर्ण चावी भरून चाकं किती वेळ फिरतात ते घड्याळ लावून बघा, आणि पुन्हा सहा महिन्यांनी.

बाकी कामांसाठी आपल्या सातारा-सांगली भागासारखी जागा नाही. पुण्याहून मिरजेकडे गाडीनं जाताना सातारा रोड स्टेशनाजवळ कूपर यांचा कारखाना, कराडचं स्टेशन जिथे आहे त्या ओगलेवाडीला १९१६ साली सुरू झालेला काच-कंदिलांचा कारखाना, आणि पुढे १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर उभारलेली किर्लोस्करवाडी. या यंत्रांच्या शेजारात लेथ चालवणारे, वेल्डिंग करणारे, मोटार रिवाइंड करणारे वाढले. उसाच्या आणि द्राक्षाच्या पट्ट्यात जळालेला पंप दुसऱ्या दिवशी भरून मिळतो. पण खेळण्याच्या इंजिनाचं आर्मेचर पंपवाल्याकडे नेऊ नका. त्याचा हात जाड तारेचा आणि मोठ्या आकाराचा असतो. मिक्सरचं आर्मेचर भरणारा शोधा. बारीक तार त्याच्या रोजच्या हातातली. त्याला सांगायचं ते असं: जुनी तार उलगडताना वेढे मोजायचे, तारेची जाडी मायक्रोमीटरनं मोजायची, तीच जाडी आणि तेवढेच वेढे परत भरायचे. ‘थोडी जाड घालू, ताकद वाढेल’ असं तो आपुलकीनं म्हणेल. नको म्हणा, जाड तारेचे वेढे कमी बसतात आणि कमी वेढ्यांची मोटार करंट ओढून मॅग्नेट आणि कार्बन दोन्ही खलास करते. कार्बनही मिक्सरचे घासून बसवू नका. ते २३० व्होल्टसाठीचे कडक कार्बन असतात, बारा व्होल्टमधला बराचसा दाब त्यांच्यातच खर्च होतो. या मोटारींना तांबं मिसळलेले मऊ कार्बन हवेत. ते परदेशातून मागवता येतात आणि पाकिटाएवढ्या टपालानं येतात.

सांगलीकरांसाठी एक वेगळा परिच्छेद हवा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली; धोक्याची पातळी तिथे ४५ फूट धरतात. गावभागातल्या कित्येक घरांत तळमजल्यावरची ट्रंक पाण्यात होती, आणि तिच्यात जे होतं ते आज पिवळट गाळानं भरलेलं आहे. असं इंजिन चुकूनही चालवून बघू नका. नदीचा गाळ म्हणजे बारीक वाळू, ती बेअरिंग आणि गिअर मिनिटभरात खाते. शरीर सुटं करा, यंत्रणा स्वच्छ पाण्यात मऊ ब्रशनं धुवा, मग अल्कोहोलमध्ये, म्हणजे पाणी निघून जाईल. उन्हात तापवू नका. सावलीत, वाऱ्यावर काही दिवस वाळू द्या. चौकटीत पुठ्ठ्याची इन्सुलेशन असेल तर ती फुगलेली असते, बदलावीच लागते. वाळल्यावर दांडा आणि कम्युटेटर यांच्यातला रेझिस्टन्स पुन्हा मोजा. मीटरनं काहीही दाखवलं तर आणखी वाळू द्या, कारण ओलावा वार्निशच्या आत अडकून बसतो. तोवर वीज देण्याची घाई नको.

पाणी शिरलं नाही तरी हवा आपलं काम करते. मेढा, पाटण, महाबळेश्वरकडे पावसाळ्यात कपाटातला बूटही बुरसतो, तिथे इंजिन सिलिका जेलच्या पुड्यांसह सुती कापडात गुंडाळा. ओलसर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आणि स्पंजचं अस्तर असलेल्या डब्यात तर नाहीच. तो स्पंज काही वर्षांत चिकट होऊन रंगाला धरतो. जत-आटपाडी, माण-खटावच्या कोरड्या बाजूला शत्रू धूळ आहे, तिथे झाकण महत्त्वाचं.

शेवटची परीक्षा भारावर. रिकामं फिरणारं प्रत्येक इंजिन बरं दिसतं. सपाट रुळावर त्याच काळचे तीन-चार डबे जोडा, अर्ध्या वेगानं दहा मिनिटं चालवा, मग उलट दिशेनं दहा मिनिटं. करंट रिकाम्यापेक्षा थोडा चढून तिथेच राहिला, मोटार कोमट राहिली आणि ते चालण्याच्या वेगानं वळणावर न अडखळता गेलं, तर यंत्रणा सुदृढ समजा. मिनिटागणिक करंट चढत असेल तर मॅग्नेट किंवा वाइंडिंग पुन्हा बघा.

विकत घेणाऱ्यासाठी या सगळ्याचा क्रम माझ्या हिशेबानं असा: सांगाडा निरोगी असेल तर बाकी सगळं दुरुस्त होतं, मूळ मोटार असेल, भले अशक्त, तर ती बदललेल्या चांगल्या मोटारीपेक्षा मोलाची, आणि नव्यानं रंगवलेलं चकचकीत इंजिन, कितीही छान चालो, संग्राहकाच्या नजरेत उतरलेलं असतं. म्हणून रंगाला हात लावू नका. डिजिटल चिप बसवायचा मोहही जुन्या इंजिनात आवरावा. त्यांत एक कार्बन सांगाड्यालाच जोडलेला असतो आणि चिपसाठी ती जोडणी तोडावी लागते.

काढलेला प्रत्येक जुना भाग, तुटका कार्बनसुद्धा, कागदाच्या छोट्या पुडीत घालून इंजिनाच्या खोक्यात ठेवा. सोबत एक चिठ्ठी: कोणत्या महिन्यात काय केलं, कोणता मॅग्नेट किंवा कार्बन नवा आहे, आर्मेचरची तिन्ही वाचनं, कितव्या व्होल्टला हललं, रिकामं किती अँपिअर आणि चार डब्यांसह किती. बॉलपेनची शाई पसरते, पेन्सिलनं लिहा.